पहिली भेट लोयांगची
(कचारगड येथील सहलीत केलेले भाषण)



आपण बसलो आहोत ते गोंड बांधवांचे श्रद्धास्थान होय. माघ पौर्णिमेला ते दूरदूरच्या राज्यांतून येथे येतात, ते हवापालटासाठी नव्हे, पूर्वजांच्या ठिकाणी म्हणून. आपल्या चीन-यात्रेचा विचारही असाच व्हावा.

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत आठ दिवसांत पाच शहरे असतात. आपल्या उपासिका महिन्याकाठी थोडे थोडे बाजूला टाकीत आहेत. तो पैसा बसच्या खिडकीतून चीन पाहण्यात जाऊ नये. माझे स्पष्ट मत असे की, पहिल्या खेपेस लोयांग हे एकच शहर घ्यावे आणि चार मुक्काम तेथेच करावेत.

कारण सांगतो. इ.स. ६८ मध्ये हान सम्राट मिंग याने तेथे श्वेताश्व विहार बांधला, अशी परंपरा आहे. भारतातून गेलेले कश्यप मातंग आणि धर्मरत्न हे भिक्खू तेथे राहिले. परत आलेच नाहीत. विहाराच्या आवारात दोघांच्या समाध्या दाखवितात. आपण प्रथम तेथे वंदन करावे. त्याच परिसरात सांचीच्या धर्तीवरील भारतीय विहार आहे. त्याचे उद्घाटन २०१० साली आपल्या महाराष्ट्रकन्या, तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संगही लोयांगजवळचाच.

एक पूर्ण दिवस लोंगमेन लेण्यांना द्यावा. यी नदीच्या दोन्ही काठांवर लाखाच्या आसपास मूर्ती आहेत. थोरली बुद्धमूर्ती १७ मीटरहून उंच. कित्येक मूर्तींची शिरे कापून परदेशी नेलेली दिसतील, तेव्हा अजिंठा पाहिलेल्यांनाही वाईट वाटेल. आज वर चढताना ज्यांचे गुडघे बोलू लागले, त्यांनी संकोच न करता सांगावे; तेथेही पायऱ्याच आहेत.

एप्रिलमध्ये तेथे पिओनी फुलांचा उत्सव असतो, खोल्या महाग होतात. १ ऑक्टोबरपासून त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, नंतर आपली दीक्षाभूमी. म्हणून ऑक्टोबरअखेर बरा. २०२० पासून बंद असलेली थेट विमाने २०२५ च्या ऑक्टोबरात कलकत्ता-ग्वांगझौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. गोंदियाहून कलकत्त्याला थेट रेल्वे आहेच. तेथे व्यवहार बहुतेक मोबाईलवर चालतो, तेव्हा प्रत्येक गटात एक तरुण हवा. शाकाहारींनी विचारूनच खावे.

व्हिसा लागतोच, आणि त्याआधी पासपोर्ट. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी याच महिन्यात अर्ज करावा. जयभीम.