गुरुत्वीय भिंग आणि दूरचे अतिनवतारे



आयुष्याच्या अखेरीस काही ताऱ्यांचा प्रचंड स्फोट होतो आणि असा तारा काही आठवडे अवघ्या दीर्घिकेच्या तोडीने तळपतो. यालाच अतिनवतारा म्हणतात. यांपैकी ‘१ए’ प्रकारच्या अतिनवताऱ्यांचे मूळ तेज जवळजवळ ठरावीक असते. म्हणून जितका मंद दिसेल तितका तो दूर, असे धरून विश्वातील अंतरे मोजली जातात. १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा निष्कर्ष याच मापाच्या आधारे निघाला.

परंतु वाटेवरचे वस्तुमान या मापात ढवळाढवळ करते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार जड वस्तूजवळून जाणारा प्रकाश वळतो. मधली दीर्घिका भिंगाप्रमाणे तो एकवटते. २०१० साली हवाई येथील पॅन-स्टार्स दुर्बिणीला आढळलेला एक अतिनवतारा अपेक्षेच्या सुमारे तीसपट तेजस्वी होता. प्रथम तो नव्याच जातीचा मानला गेला. रॉबर्ट क्विम्बी यांच्या गटाने तो साधा ‘१ए’ असल्याचे प्रतिपादन केले आणि २०१४ मध्ये मधली भिंग-दीर्घिका शोधून दाखवली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत आलेले अनुप्रीता मोरे व सुऱ्हुद मोरे हेही त्या गटात होते.

जे भिंग फसवते, तेच मापही पुरवते. एकाच गावाहून एकाच वेळी निघालेले वाटसरू, कोणी घाटाने तर कोणी सपाटीने, निरनिराळ्या दिवशी पोहोचावेत, तसा भिंगातून वळलेला प्रकाश वेगवेगळ्या वेळी येतो. या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, असे नॉर्वेचे शूर रेफ्सडाल यांनी १९६४ सालीच मांडले होते. २०१४ च्या नोव्हेंबरात हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एकाच अतिनवताऱ्याच्या चार प्रतिमा आढळल्या. त्याला रेफ्सडाल यांचेच नाव मिळाले. त्याची आणखी एक प्रतिमा वर्षभरात उमटेल, असे गणिताने वर्तवले गेले आणि ११ डिसेंबर २०१५ रोजी ती ठरल्या जागी दिसली. स्वतः रेफ्सडाल मात्र २००९ मध्येच निवर्तले होते.

त्या विलंबावरून २०२३ साली प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ६५ ते ६७ किलोमीटर निघाला. जवळच्या अतिनवताऱ्यांवरून तो ७३ च्या आसपास येतो. हा तिढा सुटलेला नाही. तो सोडवण्यासाठी अशा आणखी अनेक अतिनवताऱ्यांची प्रतीक्षा आहे आणि तोवर प्रत्येक तेजस्वी ठिपक्यामागे तारा किती व भिंग किती, हे पारखूनच घ्यावे लागेल.