धारूरच्या ऊसतोड तरुणांस अक्षर व हिशेब शिकविण्याविषयीं



ज्युबिलीच्या दिवशीं देवळाच्या इतिहासावर बोलणारे वक्ते पुष्कळ मिळतील. म्हणून आम्हीं मुद्दाम बालाघाटच्या डोंगरांतील विषय निवडला आहे.

बीड जिल्ह्यांतील धारूर हें किल्ल्याचें गांव. भोंवतालच्या डोंगरपट्ट्यांत पाऊस बेताचा, जमीन हलकी. दसरा-दिवाळी उलटली कीं तेथील जोडपींच्या जोडपीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात. एकट्यास 'अर्धा कोयता'. माणसाचें नांव हत्याराच्या नांवांत बुडावें हें आम्हांस रुचत नाहीं. पण शब्द रूढ आहे.

आईबापांबरोबर जें मूल पांच-सहा महिने तळावर राहतें, त्याची शाळा मध्येंच सुटते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहें निघालीं, त्यांचा उपयोगहि झाला. परंतु 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा चौदा वर्षांची. त्यापुढील अठरा-वीस वर्षांचा मुलगा, लग्न होऊन नुकतीच कोपींत आलेली मुलगी, यांची विचारपूस कोणीं करावी? 2011 च्या शिरगणतींत बीड जिल्ह्यांतील पुरुषांपैकीं शेंकडा 85 हून अधिक साक्षर होते; स्त्रियांपैकीं मात्र सुमारें 68.

अक्षर न येण्याची किंमत काय पडते तें पाहा. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती तोडलेल्या टनांवर फेडावयाची, अशी रीत. समजा, उचल एक लाखाची, टनाचा दर साडेतीनशें, आणि जोडीची तोड दिवसास दोन टन. म्हणजे दिवसाचे 700 रुपये. उचल फिटण्यास 143 दिवस. आतां वजनाच्या चिठ्ठीवर रोज दोनशें किलो कमी लिहिले गेले, तर दिवसाचे 630 च होतात व तेंच कर्ज फिटण्यास 159 दिवस लागतात. सोळा दिवस फुकट राबणें हें चिठ्ठी न वाचतां आल्याचें फळ! त्यांत आजारपणाचा खाडा पडला कीं त्याची कपात निराळी. हंगाम संपतां संपतां कोयत्याच्या नांवावर बाकी निघते. ती खरी कीं खोटी हें विचारण्यासहि आंकडे लागतात.

हीं माणसें हिशेबास कच्चीं आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. आठवड्याच्या बाजारांत पावशेराचा भाव तोंडीं काढणारी बाई आपणांपैकीं कित्येकांस हरवील. तिला येत नाहीं तें कागदावरचें गणित. म्हणून तिला बालवाडींतील मुलाप्रमाणें 'एक ससा, दोन ससे' असें शिकविणें आम्हांस अपमानाचें वाटतें.

या बाबतींत संत जॉन बॉस्को यांचें एक काम फारसें कोणास ठाऊक नसतें. त्यांच्या देशांत 1850 च्या आरंभापासून मेट्रिक वजनेंमापें सक्तीचीं व्हावयाचीं होतीं. नव्या मापांत कारागीर व खेडूत नाडले जातील हें ओळखून त्यांनीं 1849 मध्यें त्यांच्यासाठीं सोपें पुस्तक छापलें. आरंभीं साध्या गणिताच्या चार क्रिया, मग दशमान मापें. आपल्याकडेहि 1956 च्या कायद्यानें मण-शेर गेले व किलो आले, तेव्हां असें पुस्तक खेड्यापाड्यांत किती हातांत पडलें असेल बरें? ब्राझीलमधील कॅथोलिक शिक्षक पावलो फ्रेयरे यांनीं 1963 मध्यें अंजिकोस गांवीं सुमारें तीनशें कष्टकऱ्यांस चाळीसेक तासांच्या पाठांत वाचावयास शिकविलें. शिकणाऱ्यांच्या रोजच्या जीवनांतले शब्द घ्यावे, त्यांवर बोलणें व्हावें, मग त्यांचीं अक्षरें सोडवावीं, अशी त्यांची रीत. धारूरकडे तो शब्द 'उचल' असेल. तीन अक्षरांचा आणि एकहि काना-मात्रा नसलेला! पहिल्या धड्यास याहून योग्य शब्द आम्हांस सुचत नाहीं.

सातारा जिल्ह्यांत 1959 मध्यें सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेनें गांवेंच्या गांवें अक्षरओळखीस लागलीं होतीं. अशा मोहिमांची दुखरी जागा पुढें दिसते. शिकलेलें वाचावयास कांहीं हातीं नसलें कीं अक्षर पुसलें जातें. 2022 पासूनच्या सरकारी नवभारत साक्षरता कार्यक्रमांत पंधरा वर्षांवरील निरक्षरांस स्वयंसेवकांनीं शिकवावें अशी योजना आहे. तेव्हां परवानगीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

वेळ मात्र नीट निवडावी. तोडीच्या दिवसांत बाई पहाटेपूर्वीं उठते व रात्रीं चुलीपुढें बसते; तिला तेव्हां वर्गास बोलाविणें हें निष्ठुरपणाचें होय. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत तीं आपल्या गांवीं असतात. या चार-पांच महिन्यांत आठवड्यांतून तीन संध्याकाळीं, एक-एक तास, पांच-सहा जणांस एक शिक्षक पुरे. पहिल्या महिन्यांत स्वतःचें नांव व 'उचल'; मग वजनाची चिठ्ठी, टनाचा दर, वजाबाकी; शेवटीं प्रत्येकानें आपल्या वहींत तारीख व टन स्वतः मांडावे. हीच वही तळावर बरोबर जाईल, म्हणजे वाचनहि सुटणार नाहीं. मुलगे व मुली यांचे वर्ग एकत्र असावे कीं निराळे, हें तेथील आयाबायांस विचारून ठरवावें.

ज्या तरुणांस येत्या ज्येष्ठांत या कामास जातां येईल त्यांनीं आजच्या भोजनापूर्वीं आपलीं नांवें द्यावींत. वह्यांचा खर्च ज्यांस उचलावयाचा असेल त्यांनीं शंभर पानी, चौकटी आंखलेल्या वह्या द्याव्या. साध्या रेघांच्या वहींत आंकडे एकाखालीं एक बसत नाहींत.