वहीत न लिहिलेला आकडा



मी लखनऊच्या विकास नगरातून आले आहे. पॉलिमर बनवणं हे माझं काम. छोटे रेणू एकमेकांना जोडून त्यांची लांबच लांब साखळी करायची. अशा साखळ्या असतात, हे हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडलं, तेव्हा बड्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळायला 1953 उजाडलं.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गटाबरोबर आम्ही पॉलिलॅक्टिक आम्ल बनवत होतो. शस्त्रक्रियेनंतर अंगातच विरघळणारे टाके असतात ना, त्याच घराण्यातलं हे पॉलिमर. कृती एकच, रसायनंही तीच. पण त्यांची साखळी लांब, आमची निम्मीसुद्धा नाही! महिनाभर पत्रं झाली, शब्दाला शब्द लागला. शेवटी तिकडची एक विद्यार्थिनी आमच्याकडे येऊन आठवडाभर राहिली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, लॅक्टाइड किती तास सुकवता?"

तो आकडा आमच्या वहीत नव्हता. बाहेर श्रावण, हवा दमट. लॅक्टाइड हा आमचा कच्चा माल; त्यात शिरलेला पाण्याचा रेणू स्वतःच नवी साखळी सुरू करतो. साखळ्यांची संख्या वाढते, माल तेवढाच; मग सगळ्याच आखूड राहतात. चूक माझी होती. ती मुलगी आली नसती, तर मी आजही पुण्याच्या मोजमापालाच दोष देत बसले असते.

सहकार्याची दुसरी गोष्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. डॉ. रघुनाथ माशेलकर 1976 मध्ये परदेशातून तिथे आले, 1989 मध्ये संचालक झाले. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक बनवण्याची नेहमीची रीत फॉस्जीन या विषारी वायूवर चालते. तिथल्या मंडळींनी ते न वितळवता, घनरूपातच तापवून साखळी वाढवण्यावर काम केलं आणि अमेरिकेत पेटंट घेतलं. ते जनरल इलेक्ट्रिकच्या नजरेत भरलं. याच प्लास्टिकमधली तेव्हाची बलाढ्य कंपनी, तीच भागीदारीसाठी पुण्यात आली. माझ्या मते बरोबरीचं सहकार्य असंच जुळतं: आधी आपल्या हाती आपलं काही असावं लागतं.

माझी ती जुनी वही मी बरोबर आणली आहे. समासात लाल शाईनं "सुकवणे: 24 तास" लिहिलंय, त्या मुलीच्याच अक्षरात. उद्या सकाळी दहाला मी तुमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. तुमच्या वह्या घेऊन या.