सूर्यकिरणांपासून इंधन
(माले, तालुका मुळशी, येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



माले गावानजीक मुळशीचा जलाशय पसरला आहे. त्याच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरीही येथील शेतजमिनी पाण्याखाली गेल्या. पावसाळ्यात साठविलेले हे पाणी घाटाखाली भिरा येथे उतरते व वर्षभर वीज देते. ऊर्जा साठवावी लागते आणि तिचे मोल कोणास तरी द्यावे लागते, हे येथील मुलांस निराळे शिकवावयास नको.

सूर्यप्रकाश मुबलक आहे. परंतु तो साठविणे कठीण. वनस्पती तो अन्नाच्या रूपाने साठवितात. त्याच धर्तीवर प्रकाशाने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन हे इंधन मिळवावे, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पदार्थाच्या साहाय्याने असे विघटन होऊ शकते, हे फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखविले. स्वतः खर्च न होता प्रकाशात अशी क्रिया घडविणाऱ्या पदार्थास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

त्याच्या कणावर प्रकाश पडला की आतील इलेक्ट्रॉन उचलला जातो व मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागी पोहोचला तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो. रिकाम्या जागेमुळे ऑक्सिजन सुटतो. वाटेतच दोहोंची गाठ पडली, तर सारी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून कण अतिसूक्ष्म हवा: वाट आखूड होते व पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे होते! नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

टिटॅनियम डायऑक्साइडला मात्र जंबुपार किरणच लागतात, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. दृश्य प्रकाशात चालणाऱ्या पदार्थांचा शोध पुण्यातही झाला. सी-मेट या संस्थेतील डॉ. भारत काळे यांनी कोरियन सहकाऱ्यांसह कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या नॅनोरचना २००६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एक झेंडूच्या फुलासारखी आहे. सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइड वायूपासून तिच्या साहाय्याने हायड्रोजन मिळविला गेला. कॅडमियम विषारी असल्याने निर्धोक पदार्थांचा शोधही चालू आहे.

यश अद्याप अल्प आहे. जपानमध्ये १०० चौरस मीटरच्या पट्ट्यांवर पाण्यापासून हायड्रोजन काढला गेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सूर्यऊर्जेचा जास्तीत जास्त ०.७६ टक्के भाग इंधनात उतरला.

शिक्षकांनी दोन गोष्टी कराव्यात. सारख्या वजनाची खडीसाखर, एक अखंड व एक कुटलेली, दोन पेल्यांत विरघळवून पृष्ठभागाचे महत्त्व दाखवावे. दुसरे, ‘पाण्यावर गाडी चालते’ असे कोणी सांगितल्यास मुलांनी विचारावे, ‘पाणी फोडावयास ऊर्जा कोठून आली?’ हायड्रोजन जळून पुन्हा पाणीच होते. म्हणून पाणी हे इंधन नव्हे, ऊर्जा सूर्याची. हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, त्यास विज्ञानाची वाट सापडली असे समजावे.