बशीवरचा थेंब



माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक इंग्रजी पाकपुस्तक आहे. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, पुण्यातच, मला ते मिळालं. पुठ्ठा सुटलेला, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे लेखिकेचं नाव कळत नाही. पण जॅमचं प्रकरण शाबूत आहे. त्या पानांवर कुणीतरी मनापासून रांधलेलं दिसतं. साखरेच्या पाकाचे डाग आहेत, दोन पानं एकमेकांना चिकटली आहेत, आणि स्ट्रॉबेरी जॅमच्या कृतीशेजारी समासात पेन्सिलीने एकच मराठी शब्द लिहिलेला आहे: ‘बशी’.

पहिल्या वेळी त्या शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही. कृती सोपी होती. एक पौंड फळाला एक पौंड साखर, लिंबाचा रस, आणि 220 अंश फॅरनहाइटला उतरवायचं. फेब्रुवारीत मी पाचगणीला मामेबहिणीकडे गेले होते. सकाळी मळ्यावरून दोन किलो स्ट्रॉबेरी आणली, थर्मामीटर पातेल्यात सोडला आणि त्याच्यावर नजर लावून बसले. पारा 212 वर आला, 214 वर रेंगाळला. वास बदलत चालला होता. बहीण म्हणाली, “ताई, उतरव आता, करपेल.” मी म्हटलं, “अजून 220 झालं नाही.” शेवटी उतरवलं तेव्हा फळाचा लाल रंग जाऊन काळपट झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी बरणीतून जॅम निघेना. चमचा वाकला. चिक्कीचा पाकच तो.

पुस्तक चुकलं नव्हतं. ते समुद्रसपाटीच्या देशात लिहिलेलं होतं. जॅम म्हणजे साखरेचा दाट पाक, आणि तो नुसत्या पाण्यापेक्षा साधारण आठ अंश फॅरनहाइट वर गेला की होतो. समुद्रकाठी पाणी 212 ला उकळतं, म्हणून तिथे जॅम 220 ला होतो. पण जसजसं उंच जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास. पाचगणीत पाणी साधारण 204 अंशालाच उकळतं. तिथे 220 ची वाट बघणं म्हणजे पाणी आटून आटून साखर करपेपर्यंत थांबणं.

बशीला मात्र उंची समजावून सांगावी लागत नाही. गार बशीवर थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं, बोटाने हलकेच पुढे ढकलायचा. वर सुरकुती पडली तर जॅम झाला. थेंब पाण्यासारखा पसरला तर नाही झाला. मुंबई असो, पुणे असो, महाबळेश्वर असो, ही खूण बदलत नाही. एक काळजी घ्यायची, थेंब गार होईपर्यंत गॅस बंद ठेवायचा, नाहीतर इकडे आपण बशी बघतो आणि तिकडे जॅम पुढे निघून जातो.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक, ही सगळी तापमानंच आहेत, फक्त आकड्यात सांगितलेली नाहीत. दोन बोटांत तार धरून बघणाऱ्या बाईला घाटमाथा आणि कोकण यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. जुन्या पाकपुस्तकांत ‘दाट होईतो’, ‘पाक येईतो’ असं मोघम लिहिलेलं असतं, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकते. मला तसं वाटत नाही. ती माणसं डोळ्यांना, बोटांना, कानांना सूचना देत होती. कानांना म्हणते, कारण जॅम ऐकूही येतो. आधी खळखळ उकळतो, बारीक फेस वर चढतो. होत आला की फेस बसतो, बुडबुडे मोठे होतात आणि आवाज रटरट असा जाड होतो. तो आवाज बदलला की बशी काढायची.

जुन्या पुस्तकांतली आणखी एक सूचना: फळ फार पिकलेलं घेऊ नये, थोडं कच्चट असावं. याचं कारण पेक्टिन. फळ घट्ट धरून ठेवणारा हा पदार्थ. 1825 मध्ये ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून बायका मुठीत फळ दाबून ते जॅमचं की नुसतं खायचं, हे ठरवत होत्या. फळ फार पिकलं की पेक्टिनचं बळ जातं. स्ट्रॉबेरीत ते मुळातच कमी, म्हणून लिंबू घालायचं, आणि लिंबाच्या बिया टाकून न देता मलमलच्या पुरचुंडीत बांधून फळाबरोबर उकळायच्या. पेरूत मात्र ते भरपूर. गोव्यात पेरूची पेराद करतात, ती वड्या पाडण्याइतकी घट्ट बसते ती त्यामुळेच. पोर्तुगीज लोक त्यांच्याकडच्या मार्मेलो नावाच्या फळाचा असाच घट्ट पाक करत, त्यावरूनच मार्मालेड हा शब्द आला. आपल्या ‘पेरू’ या शब्दाचं मूळही त्यांच्याच भाषेत आहे.

मापांचं काय करायचं? ‘सूपशास्त्र’ हे मराठीतल्या छापील पाकपुस्तकांत अगदी आरंभीचं, 1875 चं. त्या काळच्या कृती शेर, पावशेर, तोळ्यांच्या. पुन्हा शेर गावोगावी वेगळा. मुंबईचा जुना शेर जेमतेम 318 ग्रॅमचा, आणि 80 तोळ्यांचा शेर 933 ग्रॅमचा. जॅमपुरतं घाबरायचं कारण नाही. फळ आणि साखर एकाच शेराने तोलली की प्रमाण तेच राहतं. वाटीच्या मापाला मात्र सावध राहायला हवं. कमलाबाई ओगले यांनी ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली आणि हजारो मुली त्यावर स्वयंपाक शिकल्या, हे फार मोठं काम झालं. पण इंग्रजी पुस्तकातलं ‘पौंडाला पौंड’ आपण मनातल्या मनात ‘वाटीला वाटी’ केलं तर फसतो. गराची वाटी साखरेच्या वाटीपेक्षा वजनाला जास्त भरते, म्हणजे साखर कमी पडते. ती नुसती गोडीसाठी नसते. फळातलं पाणी साखर धरून ठेवते, म्हणून बुरशीला ते मिळत नाही. साखर कमी करायची असेल तर जरूर करा, पण मग ती बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

जुनं ते सगळंच मात्र घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. काही जुन्या इंग्रजी पुस्तकांत लोणची हिरवीगार राहावीत म्हणून तांब्याच्या भांड्यात व्हिनेगर उकळायला किंवा तांब्याची नाणी टाकायला सांगितलेलं असे. तो हिरवा रंग विषाचा. फ्रेडरिक अक्कुम या रसायनशास्त्रज्ञाने 1820 मध्येच लंडनमध्ये पुस्तक लिहून त्याबद्दल बजावलं होतं. बरणीच्या तोंडावर ब्रँडीत बुडवलेला कागद लावणं किंवा मेण ओतणं, हेही सोडून द्या. काचेच्या बरण्या उकळून घ्याव्यात, जॅम गरम असतानाच भरावा आणि झाकण घट्ट लावावं. आणि वर बुरशी दिसली तर ‘वरचं काढून खालचं खाऊ’ असं करू नका. तिचं विष खाली उतरलेलं असू शकतं. सगळी बरणी टाका. जीव तुटतो, तरी टाका.

यंदा मी पुन्हा पाचगणीला गेले. थर्मामीटर नेला होताच, पण नजर पातेल्यावर होती. आवाज रटरट झाला, बहिणीने फ्रीजरमधून बशी काढली, थेंब टाकला. सुरकुती पडली. मग मी पारा पाहिला. बरोबर 212. समुद्रकाठी नुसतं पाणी ज्या आकड्याला उकळतं, त्या आकड्याला पाचगणीत जॅम झाला होता.

घरी आल्यावर पुस्तक काढलं. समासातल्या त्या ‘बशी’खाली मी पेन्सिलीने लिहिलं: पाचगणी 212, पुणे 217.