बैठकीतली बशी आणि कमरेचा घेर



तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या एखाद्या विस्तार अधिकाऱ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी घरचा चहा होतो. कार्यालयात पाऊल ठेवताच टपरीवाला किटली घेऊन हजर असतो. दुपारी एखाद्या गावी शाळा पाहण्यास जावे, तर मुख्याध्यापक चहा मागवतात. तेथून ग्रामपंचायतीत जावे, तर सरपंच चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत आणि सोबत कांदेपोह्यांची बशी येते ती वेगळीच. सायंकाळच्या बैठकीत पुन्हा चहा, बिस्किटे आणि बहुधा एखादा बटाटेवडा. घरी परतल्यावर शिणवटा घालवण्यासाठी आणखी एक कप. असे सहा कप सहज भरतात. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तरी दिवसाची साखर सुमारे ६० ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांप्रमाणे ती २० ते २५ ग्रॅमच्या आत असावी. या गृहस्थांना कोणी विचारले, तर ते अगदी प्रामाणिकपणे सांगतील की, आपण गोड फारसे खात नाही.

वजन वाढते ते असे. मेजवान्यांनी ते क्वचितच वाढते. ते चमच्याचमच्याने, कोणाच्या लक्षात न येता वाढते. एक किलो चरबीत साधारणपणे ७,७०० उष्मांक साठलेले असतात असे मानतात. गरजेपेक्षा रोज १०० उष्मांक, म्हणजे पाच चमचे साखर किंवा अडीच लहान चमचे तेल जास्त पोटात गेले, तर अडीच महिन्यांत एक किलोची भर पडू शकते. शरीर इतक्या सरळ हिशोबाने चालत नाही, हे खरे. वजन वाढले की ते वागविण्याचा खर्चही वाढतो. तरीही दिशा चुकत नाही. नोकरीस लागताना शिवलेला सदरा दहा वर्षांनी बटणांशी का भांडू लागतो, याचे उत्तर या हिशोबात आहे.

आपल्या समाजाने या वाढीकडे काळजीने पाहिले नाही, याला सबळ कारण आहे. १९७२चा दुष्काळ ज्यांनी अनुभवला, खडी फोडून आणि मिलो व सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या दृष्टीने भरलेले अंग हे सुखवस्तूपणाचे लक्षण होते. ‘खात्यापित्या घरचा’ हे वर्णन आजही कौतुकानेच केले जाते. सुट्टीला आलेला मुलगा थोडा बारीक दिसला की आईचा जीव कासावीस होतो. त्याच मुलाचे पोट सुटलेले असले तर तिला समाधान वाटते. अन्नाच्या टंचाईतून आलेली ही दृष्टी चुकीची म्हणता येणार नाही. परिस्थिती मात्र तिच्याहून वेगाने बदलली आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढ स्त्री-पुरुषांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा स्थूल किंवा वाजवीपेक्षा अधिक वजनाचा आहे. त्याच पाहणीत राज्यातील सुमारे पाचांपैकी एक स्त्री गरजेपेक्षा कृश आढळली. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गावात, या दोन्ही गोष्टी नांदत आहेत. त्यामुळे ‘कमी खा’ हा उपदेश सरसकट करणे धोक्याचे आहे. कुपोषित बालकाच्या घरी किंवा गरोदर मातेपुढे तो करणे हा तर अपराधच ठरेल. बैठे काम, दुचाकी आणि दोन वेळचे भरपूर जेवण ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

या वर्गातही एक फसवी गोष्ट आढळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९३ पासून माता व नवजात बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी भरली. परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेले, अशी जी शरीरयष्टी आपल्याकडे घरोघरी दिसते, तिचा अर्थ या आकड्यांवरून उलगडतो. ‘माझे वजन कोठे जास्त आहे?’ असे म्हणणाऱ्याने वजनकाट्याऐवजी शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवावा. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरला, तर मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढला असे समजावे.

धोका किती मोठा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून अधिक आहेत. घरातील कमावत्या माणसाला पन्नाशीच्या आत हा विकार जडला, तर औषधे, तपासण्या आणि पुढे डोळे, मूत्रपिंडे व पाय यांवर होणारे परिणाम त्या कुटुंबाची घडी विस्कटून टाकतात.

तथापि उंबरठ्यावरून मागे फिरता येते, आणि याचा पुरावा आपल्याच देशात उपलब्ध आहे. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३१ व्यक्तींचा तीन वर्षे पाठपुरावा केला. ज्यांना नेहमीचा सर्वसाधारण सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना या काळात मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालण्यास आणि साखर, तेल-तूप व मैद्यासारखे पदार्थ कमी करण्यास लावून तसा पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग असा की, या लोकांचे सरासरी वजन जवळजवळ तेवढेच राहिले होते. सवय बदलली, एवढ्यानेच गुण आला. महिनाभरात काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता ताटाकडे वळू. दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडेथोडे खावे, यावर २०१८च्या सुमारास महाराष्ट्रात मोठा वाद रंगला होता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसे त्यावरून हमरीतुमरीवर येत, आणि वाद चालू असताना हातातील जिलेबी मात्र संपत असे! वेळांच्या या वादात ताटात काय आहे, हा प्रश्न मागे पडला. मराठी ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात, पोळी किंवा भाकरी. प्रत्यक्षात मधल्या भागाने दोन्ही बाजूंवर अतिक्रमण केले आहे. कोशिंबीर चमचाभर, पालेभाजी तोंडी लावण्यापुरती आणि भाताचा डोंगर, असे हे चित्र आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांप्रमाणे २,००० उष्मांकांच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, तर भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात. म्हणजे भाजी धान्यापेक्षा वजनाने जास्त हवी. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो यांची वाटीभर कोशिंबीर आणि मटकीची किंवा मुगाची उसळ आधी खाल्ली, तर मधला भात कोणी न सांगता आवरता घेतला जातो. पोट भरल्याची जाणीव होते आणि उष्मांक मात्र कमी राहतात.

ज्वारीच्या भाकरीविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून शहरातील हॉटेलांतही ती मानाने मिळू लागली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु भाकरीने वजन उतरते, हा समज अर्धवट आहे. वजनास वजन लावले तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील उष्मांकांत विशेष अंतर नाही. भाकरीचा खरा गुण असा की, ती तेलावाचून होते, तिच्यात कोंडा शाबूत राहतो, ती सावकाश चावावी लागते आणि तिच्या सोबतीला पिठले, झुणका, पालेभाजी, ताक असेच पदार्थ येतात. तीच भाकरी तर्रीदार रश्श्यात कुस्करून खाल्ली, तर तिचा गुण तेलात बुडाला असे समजावे.

तेलाचा हिशोब गृहिणी महिन्याच्या डब्यावरून उत्तम करू शकते. चौघांच्या कुटुंबात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम होते. वर सांगितलेल्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम पुरेसे मानले आहे. म्हणजे महिन्याला साडेतीन लिटर. ही कपात एकाएकी करू गेल्यास घरात असंतोष माजेल. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’ या कार्यक्रमातून तेलाचा वापर १० टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले, ते या दृष्टीने व्यवहार्य आहे. पाचऐवजी साडेचार लिटर आणले, तर भाजीच्या चवीत फरक पडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. फोडणी पळीने ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालावी, एवढेच.

काही गैरसमज नावांमुळे होतात. साखर सोडून गूळ घेतला म्हणजे उष्मांक वाचत नाहीत. गूळही जवळजवळ साखरेइतकेच उष्मांक देतो. दुकानातील ‘डाएट चिवडा’ नावाने हलका असतो, तेलाने नव्हे. उपवासाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात शेंगदाण्याचा कूट, तूप आणि बटाटा पडला की, एका बशीत एका जेवणाचे उष्मांक गोळा होतात. ताक, फळे, उकडलेले रताळे किंवा वऱ्याचे तांदूळ बेताने घेऊनही उपवास पाळता येतो.

घरातील स्त्रीच्या वजनाची कारणे वेगळी असतात आणि त्यांकडे फार थोडे लक्ष दिले जाते. ती सर्वांच्या मागून जेवते. पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली पोळी, संपवायची म्हणून राहिलेली खीर हे सारे वाया जाऊ नये म्हणून तिच्या पोटात जाते. त्याला कोणी जेवण म्हणत नाही. दुसरीकडे ताजी भाजी आणि उसळ तिच्या वाट्याला येईपर्यंत संपलेली असते. तिला पथ्याचे उपदेश करण्यापूर्वी घरातील पुरुषांनी तिच्याबरोबर पानावर बसावे आणि स्वयंपाक मोजून करण्यास हातभार लावावा. एकट्यासाठी वेगळे पथ्याचे अन्न शिजवायचे ठरवले, तर ते आठवडाभरही टिकत नाही. सगळ्यांचे ताट बदलले तरच ते टिकते.

चालण्याविषयी थोडक्यात. एकेकाळी तलाठी आपल्या सजात पायी किंवा सायकलवर फिरत असे. आता पानाच्या दुकानापर्यंतही मोटारसायकल लागते. आठवड्यात दीडशे मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र चालणे हे वाटेल ते खाण्याचे परवानापत्र नव्हे. अर्धा तास चालून साधारणतः दीडशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात, आणि एका वडापावात त्याच्या दुप्पट असू शकतात.

आठवड्याला अर्धा किलो वजन उतरणे पुरेसे आणि सुरक्षित आहे. पंधरा दिवसांत दहा किलोची हमी देणाऱ्या भुकटीच्या डब्यांपासून दूर राहावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज जेवण कमी करू नये. साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. काही न बदलता वजन झपाट्याने वाढले किंवा घटले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

राहता राहिला आग्रह, आणि हाच सर्वांत कठीण भाग आहे. आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे ठरते. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की आणखी वाढायचे, ही आपल्या आतिथ्याची रीत. एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याने ती मोडू पाहिली, तर त्याला गर्विष्ठ ठरवले जाते. म्हणूनच हा बदल यजमानाकडून व्हावा लागतो, आणि गावात यजमानपद बहुधा सरपंच, मुख्याध्यापक आणि कार्यालयप्रमुख यांच्याकडेच असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांतून पदार्थांतील तेल व साखर दाखवणारे फलक लावण्यास सुचवले. फलक जरूर लावावेत. पण त्याच फलकाखाली सामोशाची बशी फिरू लागली, तर तो वाचणार कोण?

पुढच्या मासिक सभेला चहा बिनसाखरेचा सांगावा आणि साखरेचे भांडे व चमचा बाजूला ठेवावा; ज्याला हवी तो घालून घेईल. नाकारण्याचा संकोच तेथेच संपतो. कप लहान असावा. बिस्किटे आणि फरसाण यांच्या जागी हंगामाप्रमाणे उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, पेरू, बोरे किंवा काकडीच्या फोडी ठेवाव्यात. हा माल बहुतेक गावातच पिकतो आणि खर्च फारसा वाढत नाही. शाळेत वाढदिवसाला चॉकलेटे वाटण्याऐवजी वर्गाला केळी वाटली, तर मुले नाराज होत नाहीत. पालकांना मात्र आधी सांगून ठेवावे लागते. पहिल्या सभेत दोघेतिघे सदस्य चहा पाणचट झाल्याची तक्रार करतील. तीन-चार सभा जाऊ द्याव्यात आणि नंतर साखरेच्या भांड्याकडे किती हात जातात, ते पाहावे.