एकवीस वर्षांचा अरुण

(विजय दिवसानिमित्त सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवा, कान फक्त इकडे असू द्या.

आज १६ डिसेंबर, विजय दिवस. १९७१ साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्याच दिवशी पश्चिमेच्या सरहद्दीवर, बसंतर नदीच्या पलीकडे, एकवीस वर्षांचा एक पोरगा रणगाड्यात लढता लढता गेला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे आणि त्याच्या घरच्यांविषयीही.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, आपल्या पुण्यातला. घराणं मूळचं सरगोधा भागातलं. फाळणी झाली, सरगोधा पाकिस्तानात गेलं आणि हे कुटुंब घरदार सोडून इकडे आलं. वडील मदनलाल खेत्रपाल सैन्यात इंजिनियर, पुढे ब्रिगेडियर झाले. आजोबाही सैनिक. म्हणजे सैन्य त्या घरात आपल्याकडच्या शेतीसारखं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं.

शाळा झाल्यावर १९६७ साली अरुण पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत दाखल झाला. पुढे डेहराडूनला शिक्षण पुरं करून जून १९७१ मध्ये तो पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत अधिकारी झाला. नव्या अधिकाऱ्यांचा एक अभ्यासक्रम असतो, त्यासाठी त्याला आपल्या नगरला पाठवलं होतं. तो पुरा होण्याआधीच युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि सगळ्या पोरांना आपापल्या पलटणीत परत बोलावलं. वाटेत तो दिल्लीला घरी थांबून गेला. सामानात त्यानं गोल्फ खेळायच्या काठ्या आणि समारंभाचा पोशाख घेतला होता. का, तर लाहोर जिंकल्यावर तिथं खेळायचं, मेजवानीला जायचं! एकवीस वर्षांचं वय ते. आपल्या घरातली त्या वयाची पोरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

आता लढाईचं सांगते. सरहद्दीवर शकरगड नावाचा भाग आहे. तिथं आपल्या पायदळानं रात्री बसंतर नदी ओलांडली. पलीकडे जमिनीत सुरुंग पेरलेले. ते काढून रणगाड्यांसाठी वाट करायचं काम चालू होतं. वाट पुरी मोकळी झाली नव्हती, पण पायदळावर शत्रूचे रणगाडे चालून येण्याची चिन्हं दिसत होती. तेव्हा पूना हॉर्सचे रणगाडे तसेच त्या सुरुंगांतून पुढे गेले.

रणगाड्यात चार माणसं असतात. एक चालवतो, एक तोफ डागतो, एक गोळे भरतो आणि वायरलेस सांभाळतो, चौथा अधिकारी. आत जागा एवढीशी आणि चहूकडून लोखंड. बाहेरून गोळा लागला की आत आग लागते. अशा रणगाड्यात अरुण होता. त्याच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फमागुस्टा’.

१६ तारखेला सकाळी जरपाल गावापाशी आपल्या एका तुकडीवर शत्रूच्या रणगाड्यांचा मोठा हल्ला झाला. तिनं वायरलेसवर मदत मागितली. अरुण दुसऱ्या तुकडीत होता, पण हाक ऐकताच तो निघाला. तिथं आपले अवघे तीन रणगाडे उरले होते आणि समोरून लाटेसारखे रणगाडे येत होते. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे मोडले. त्यांतले चार एकट्या अरुणनं मोडले, असं त्याच्या सन्मानपत्रात नोंदलेलं आहे.

आपल्या तिघांतल्या एका रणगाड्याला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ चालेना. उरला अरुणचा. त्यालाही गोळा लागला आणि आग लागली. वरिष्ठांनी वायरलेसवरून सांगितलं, रणगाडा सोड, बाहेर ये. अरुणनं नकार दिला. त्याचं म्हणणं एवढंच, की माझी तोफ अजून चालते आहे. आपण हटलो तर शत्रूला वाट मोकळी मिळेल, हे त्याला दिसत होतं. तो लढत राहिला. मग दुसरा गोळा लागला आणि अरुण गेला. पण शत्रूला तिथून पुढे येता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरच्या रात्री युद्ध थांबलं. एका दिवसाचा फरक.

तिकडे दिल्लीच्या घरात काय चाललं असेल? युद्ध संपलं, आता पोरगा येणार म्हणून आई माहेश्वरी वाट बघत होती. आणि काही दिवसांनी तार आली. अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सैन्यातला याहून मोठा शौर्याचा सन्मान नाही. आज एनडीएच्या संचलनाच्या मैदानाला अरुणचं नाव आहे. त्याचा तो रणगाडाही नगरला जपून ठेवलेला आहे. पण आईच्या पदरी ती तार आली, ती आलीच.

पुढची गोष्ट तीस वर्षांनंतरची. २००१ साली अरुणचे वडील एक्याऐंशी वर्षांचे होते. मरण्याआधी एकदा आपली जन्मभूमी बघावी म्हणून ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सोय ज्यांच्या घरी झाली, ते होते पाकिस्तानी सैन्यातले निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी पाहुण्यांचं मनापासून आदरातिथ्य केलं. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मनातलं सांगितलं. बसंतरच्या लढाईत समोरच्या रणगाड्यात मीच होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

मैत्रिणींनो, त्या म्हाताऱ्या बापाला काय वाटलं असेल, सांगता यायचं नाही. ज्याच्या घरचं अन्न खाल्लं, त्याच्याच तोंडून हे ऐकायचं! पण तेही सैनिक होते. समोरच्यानं त्याचं कर्तव्य केलं, हे त्यांनी समजून घेतलं. राग न धरता ते परत आले. मुलाची आठवण जपायला कुणाचा द्वेष करावा लागत नाही, हे मला त्या बापाकडे बघून पटतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे जवान शहीद झाला की गाव लोटतं. फुलांनी सजवलेली गाडी येते, घोषणा होतात, चौकाला नाव दिलं जातं. आणि त्याच दिवशी, त्याच घरात, कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात आणि कुंकू पुसतात. नवऱ्याला वीर म्हणायचं आणि बायकोला अशुभ ठरवायचं, हे कसं जुळतं? अरुणचं लग्न झालं नव्हतं. पण आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत अशा वीरपत्नी आहेत, ऐन पंचविशी-तिशीतल्या.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला आहे का? झाला नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. झाला असेल तर तो पाळला जातो का, हे बघणं आपल्या गटाचं काम.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मिरात कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती दोन मुलांच्या आई. परीक्षा देऊन, खडतर प्रशिक्षण घेऊन सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. सगळ्याच जणींना हे जमेल असं नाही, जमायलाच हवं असंही नाही. पण बाईपुढची वाट बंद करणारे आपण कोण?

गावातल्या वीरपत्नीला, वीरमातेला एकटीनं कचेऱ्यांच्या चकरा मारायला लावू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. निवृत्तिवेतन, मुलांचं शिक्षण यांची कामं तिथं विचारता येतात. शिकलेली एखादी सून, एखादी ताई सोबत द्या. कागद नीट वाचूनच अंगठा किंवा सही करू द्या. पैसे आले की नातेवाइकांची गर्दी होते, तेव्हा खातं तिच्या नावावर आणि पासबुक तिच्या हातात आहे ना, एवढं बघा.

आणि संक्रांत महिन्यावर आली आहे. हळदीकुंकवाची यादी कराल, तेव्हा पहिलं बोलावणं त्या घरी जाऊ द्या. तिनं कुंकू लावायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. आपण ताट पुढे धरायचं, वाण द्यायचं, तिळगूळ द्यायचा आणि शेजारी बसवून घ्यायचं. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांनाही अरुणच्या आईची गोष्ट सांगा.